ग्रामीण बालकल्याण कार्यकर्त्यांसाठी सुरक्षित वाहनव्यवस्था आणि तिची निधीरचना

प्रस्तावना :
एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. पुढे तिचा विस्तार होऊन गावोगावी अंगणवाड्या उभ्या राहिल्या. बाल संरक्षणासाठी 2009 मध्ये एकात्मिक बाल संरक्षण योजना आली व तिचेच रूप आज 'मिशन वात्सल्य' म्हणून ओळखले जाते. या योजनांची उद्दिष्टे, लाभार्थी आणि आहार यांविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र बालकापर्यंत पोहोचणारा कार्यकर्ता कोणत्या साधनाने प्रवास करतो आणि त्या प्रवासाचा खर्च कोण उचलतो, हा प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

प्रवासाचे स्वरूप :
अंगणवाडी सेविका साधारणतः त्याच गावची रहिवासी असते. खरा प्रवास घडतो तो पर्यवेक्षिकेला. एका पर्यवेक्षिकेकडे साधारण 25 अंगणवाड्या असतात. प्रत्येक अंगणवाडीला महिन्यातून एकदाच भेट द्यावयाची म्हटले, तरी 25 भेटी होतात. दुर्गम भागात एस. टी.ची एखादीच फेरी असल्यास दिवसाकाठी एकच भेट शक्य होते. अर्थात महिन्याचे कामाचे सर्व दिवस भेटींतच संपतात आणि बैठका, अहवाल व प्रशिक्षण यांस वेळ उरत नाही. वाहन मिळाल्यास दिवसाला दोन भेटी होऊन हेच काम 13 दिवसांत आटोपते. वाहनाचा अभाव म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. दूरची वस्ती भेटीतून वगळली जाणे, हा त्याचा प्रत्यक्ष परिणाम होय. कुपोषित बालक बहुधा अशाच वस्तीत असते.

मेळघाटातील धारणी व चिखलदरा, नंदुरबारमधील अक्राणी व अक्कलकुवा, गडचिरोलीतील भामरागड या तालुक्यांत ही अडचण अधिक तीव्र होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. 2020 च्या टाळेबंदीत नंदुरबार जिल्ह्यातील एका अंगणवाडी सेविकेने स्वतः नाव वल्हवत नर्मदाकाठच्या बालकांपर्यंत पोहोचून सेवा दिली व तिचे सर्वत्र कौतुक झाले. ते यथोचितच होते. तथापि, जी जबाबदारी व्यवस्थेची, ती एका महिलेच्या हिमतीवर सोपविली गेली होती, याकडे त्या कौतुकात फारसे लक्ष गेले नाही.

कायदेशीर बाजू :
बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 31 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकास, प्रवासाचा आवश्यक वेळ वगळून, 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करणे बंधनकारक आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा ते जिल्हा मुख्यालय हे अंतर सुमारे 200 कि. मी. आहे. अशा ठिकाणाहून भेदरलेल्या बालकास गर्दीच्या बसमधून अथवा दुचाकीवरून आणणे त्याच्या हिताचे नाही आणि सोबतच्या कार्यकर्त्यासही ते सुरक्षित नाही.

कार्यकर्त्यांस असलेला धोका केवळ अपघाताचा नसतो. राजस्थानातील भंवरी देवी या 'साथिन' म्हणून काम करीत होत्या. 1992 मध्ये बालविवाह रोखण्याच्या प्रयत्नानंतर त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. या घटनेच्या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली व पुढे 2013 चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. कामानिमित्त भेट दिलेले कोणतेही स्थळ आणि त्यासाठी नियोक्त्याने पुरविलेले वाहन यांचाही समावेश या कायद्याने 'कामाचे ठिकाण' या संज्ञेत केला आहे. म्हणून सुरक्षित प्रवास ही सवलत न मानता नियोक्त्याच्या कर्तव्याचा भाग मानावी लागते.

निधीरचनेतील उणीव :
वाहनाचा खर्च दोन प्रकारचा असतो. खरेदी हा अनावर्ती खर्च; इंधन, चालकाचे वेतन, दुरुस्ती व विमा हा आवर्ती खर्च. देणगी अथवा एकरकमी अनुदानातून पहिला भागतो, दुसरा भागत नाही. परिणामी वाहन आहे पण चालक नाही, किंवा चालक आहे पण इंधन नाही, अशी स्थिती उद्भवते. अंगणवाडी योजनेत वाहनाची कल्पना मुख्यत्वे प्रकल्प अधिकाऱ्यापुरती राहिली. पर्यवेक्षिकेच्या वाट्यास प्रवास भत्ता आला. भत्ता झालेल्या खर्चाची भरपाई करतो. जेथे वाहनच मिळत नाही तेथे तो वाहन निर्माण करीत नाही.

याउलट 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दोन वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माता यांच्या फिरत्या पथकासाठी वाहनाची तरतूद आरंभापासूनच आराखड्यात होती. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी हे उद्दिष्ट वाहनाशिवाय गाठता येणार नाही, हे तेथे गृहीत धरले गेले. हाच विचार बाल संरक्षणास लागू करावयास हवा.

निधीचे संभाव्य मार्ग :
'मिशन वात्सल्य'मध्ये महाराष्ट्रासाठी केंद्र व राज्य यांचा हिस्सा 60:40 असा आहे; वाहनभाड्याचा नियमित स्रोत प्रथम तेथेच शोधावयास हवा. त्यास पूरक म्हणून जिल्हा परिषदेने महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाचा स्वउत्पन्नाचा 10 टक्के हिस्सा, जिल्हा वार्षिक योजना आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 पासून मिळणारा आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के अबंध निधी यांचा विचार करता येईल. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 खालील सामाजिक उत्तरदायित्व निधी खरेदीसाठी उपयुक्त ठरतो. परंतु तो कंपनीच्या इच्छेवर अवलंबून असल्याने आवर्ती खर्चाचा आधार होऊ शकत नाही.

उपाययोजना :
1. प्रत्येक पर्यवेक्षिकेस स्वतंत्र वाहन देण्याऐवजी तालुका पातळीवर सामायिक भाडेवाहन व त्याचे साप्ताहिक वेळापत्रक असावे.
2. बालकास समितीपुढे आणण्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे 24 तास उपलब्ध वाहन असावे व बालिकेसोबत महिला कर्मचारी असावी.
3. भाडेकरारात आसनपट्टा, प्रथमोपचार पेटी, वैध विमा, चालकाची पोलीस पडताळणी आणि फेरीची नोंदवही या अटी असाव्यात.
4. स्वतःची दुचाकी वापरणाऱ्या कार्यकर्तीस शिरस्त्राण, इंधनखर्च व अपघात विमा मिळावा.
5. नदीकाठच्या वस्त्यांसाठी नाव व जीवरक्षक जाकीट यांचा खर्च वाहनखर्च म्हणूनच मान्य व्हावा.

समारोप :
सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. 'मानसेवी' या शब्दाआड त्यांचे श्रम झाकता येणार नाहीत, असा त्याचा आशय घेता येतो. सेविकेच्या श्रमाबाबत जे खरे, ते पर्यवेक्षिका व बाल संरक्षण कार्यकर्त्यांच्या प्रवासाबाबतही खरे आहे. योजनेचे यश लाभार्थींच्या संख्येवर मोजले जाते. ती संख्या ज्या प्रवासावर उभी असते, त्याची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दिसली पाहिजे. अन्यथा शेवटच्या वस्तीतील बालक हे कागदोपत्रीच लाभार्थी राहील.