नाव एक, सेवा क्रमांक वेगळा

टायगर हिलच्या लढाईनंतर १९९९ मध्ये ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांना परमवीर चक्र 'मरणोत्तर' जाहीर झाले. ते तर रुग्णालयात उपचार घेत होते! धारातीर्थी पडला होता तो त्याच नावाचा दुसरा जवान. ही चूक लवकर सुधारली. पण एखाद्या हवालदाराचे पदक नोंदीतून सुटले, तर ते निवृत्तीनंतरच ध्यानात येते. जन्मतारखेतली चूक कधी पेन्शन मागताना त्याच्या पत्नीलाच कळते. मग सेवा क्रमांक, डिस्चार्ज बुकची प्रत आणि पुरावा जोडून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करायचा. पलटणीने तेव्हा काढलेली पार्ट टू ऑर्डर सापडली, तर निम्मे काम झाले. अर्जासाठी जिल्हा सैनिक बोर्ड मदत करते. नकार आल्यास २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.