ऐच्छिक म्हणजे नेमके काय?

“सर, हे ऐच्छिक आहे ना? मग ज्यांनी केले नाही त्यांची यादी कशाला?”

वेल्हे तालुक्यातल्या एका शाखेत रोखपाल असलेल्या बाईंनी मला हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. भोर आणि वेल्हे तालुक्यांत शाखा असलेल्या एका पतसंस्थेसाठी मी एक अंतर्गत संकेतस्थळ तयार केले होते. कर्मचाऱ्यांनी गिऱ्हाइकांशी बोलावे कसे, ऐकावे कसे, रागावलेल्या माणसाला सांभाळावे कसे, हे त्यावर सवडीने शिकायचे. सक्ती नाही, असे पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते. त्याच संकेतस्थळावर शाखाधिकाऱ्यांसाठी मात्र एक वेगळे पान होते : कोणी किती धडे पुरे केले, कोणाचे राहिले. ते पान कोणी मागितले नव्हते. ‘अशा ठिकाणी असतेच’ म्हणून मीच ते केले होते.

ज्याला इंग्रजीत ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात, त्या शब्दाचा उगम कंपन्यांत नाही, सैन्यात आहे. अमेरिकी लष्कराने 1972 साली याच नावाची एक परिषद भरवली होती. यंत्रांशी संबंधित कामे एका बाजूला. माणसे आणि कागद यांच्याशी संबंधित कामे दुसऱ्या बाजूला, अशी ढोबळ वाटणी होती. पॉल व्हिटमोर या अभ्यासकाने तिथे मार्मिक शंका काढली. तिचा आशय असा की, ज्या कामांबद्दल आपल्याला बरेच कळते त्यांना आपण ‘हार्ड’ म्हणतो आणि ज्यांबद्दल फारसे कळत नाही त्यांना ‘सॉफ्ट’. आपण मराठीत ‘मृदू कौशल्ये’ म्हणून मोकळे झालो. काउंटरवर बसणाऱ्याला विचारा, त्यात मृदू काही नसते. थकलेल्या हप्त्यासाठी ओळखीच्याच माणसाला फोन करणे हे त्याच्या दिवसातले सगळ्यात कठीण काम असते.

आता त्या यादीकडे वळू. मार्क लेपर आणि डेव्हिड ग्रीन या मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितले की, कॅमेऱ्यातून तुमच्याकडे कोणी पाहत आहे. पुढे मोकळ्या वेळात तीच कोडी समोर आली, तेव्हा पाळत ठेवलेल्या मुलांचा त्यांतला रस कमी झालेला दिसला. खेळ तोच होता. कोणीतरी पाहते आहे म्हटल्यावर त्याचे काम झाले. माझ्या संकेतस्थळाचे हेच झाले होते. पहिल्या महिन्यात आकडे उत्तम आले. नंतर कळले की, जेवणाच्या सुटीत आवाज बंद करून चित्रफिती नुसत्या चालू ठेवल्या जात होत्या.

हा प्रश्न एका पतसंस्थेपुरता नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2020 रोजी ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली. सुमारे 46 लाख केंद्रीय कर्मचारी, पाच वर्षे आणि 510.86 कोटी रुपये असा तो आराखडा. त्याचे ‘आयगॉट कर्मयोगी’ हे व्यासपीठ कुठूनही, केव्हाही शिकता येईल असे आखलेले आहे आणि कामाच्या ज्ञानाबरोबर वर्तनाच्या क्षमतांनाही त्यात जागा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘कर्मयोगी सप्ताह’ झाला, तेव्हा प्रत्येकाने किमान चार तास शिकावे असे लक्ष्य ठेवले गेले. एवढ्या मोठ्या यंत्रणेला काहीतरी मोजावे लागते आणि तास मोजणे सोपे असते. पण तास भरला म्हणजे खिडकीपलीकडच्या माणसाला नीट उत्तर मिळाले, असे होत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 सालीच प्रशिक्षणाच्या मोजमापाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : आवडले का, शिकले का, कामात उतरले का आणि त्यातून काय साधले. ‘धडा पुरा केला’ हा आकडा यांतल्या पहिल्या पायरीवरही पोचत नाही.

मी ते पान काढून टाकले. आता कोणते पान किती वेळा उघडले एवढेच कळते, कोणी उघडले ते कळत नाही. अभ्यासक्रमांची नावेही काढली. ‘संवादकौशल्य : भाग 3’ असे कोणी शोधत नाही. त्याऐवजी प्रसंग लिहिले : ‘सही जुळत नाही’, ‘गर्दीत आजोबा ओरडू लागले’, ‘खातेदार वारले, पत्नी आल्या आहेत’. पावसाळ्यात राजगड-तोरण्याच्या दऱ्यांतले नेट बेभरवशाचे, म्हणून चित्रफितींऐवजी तीन मिनिटांत वाचून होईल एवढा मजकूर ठेवला आणि त्याची प्रत शाखेच्या संगणकावरच ठेवली.

भाषेचा धडा तर याच मुलखाने दिला. रायगडाआधी राजधानी असलेल्या राजगडाच्या पायथ्याशी हे काम चालले होते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो दरबारी भाषेतल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. त्यातले काही रुजले. पण अर्ज, दाखला, नक्कल, शिल्लक हे काउंटरवर आजही तसेच आहेत. शब्द टिकतो तो तोंडात बसला म्हणून. त्यामुळे मी ‘सहानुभूतिपूर्वक श्रवण’ खोडून ‘आधी ऐकून घ्या’ असे लिहिले.

आणि मजकूर? तो माझा नव्हताच. ‘खातेदार वारले’ या पानासाठी मी भोरच्या एका जुन्या कारकुनांना विचारले. ते म्हणाले, “कागदांची यादी मी लगेच सांगत नाही. आधी बसायला सांगतो, पाणी देतो. मग म्हणतो, आज काहीच आणले नसले तरी चालेल. काय लागेल ते लिहून देतो. त्या वेळी सांगितलेले लक्षात राहत नाही हो.” माणसे आणि कागद, दोन्ही त्या उत्तरात आले. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि त्यांनीही कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. अशा संकेतस्थळाचे खरे काम, मला वाटते, हे विचारण्याचे आहे.

काही जणांनी ते अजून एकदाही उघडलेले नसेल. कोणी, ते मला कळण्याची सोय नाही. रोखपाल बाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग आता ऐच्छिक झाले.” पुढच्या महिन्यात संकेतस्थळावर एक नवे पान आले : ‘लिहिता न येणाऱ्या बाईंची स्लिप भरताना’. खाली नाव नव्हते.