विश्लेषण : एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स, कॉलेजच्या लॅबमध्ये हे कसे जमते?

वर्धा : सकाळच्या बॅचला विंडोजवर टॅली, दुपारच्या बॅचला लिनक्सच्या कमांड, संगणक मात्र तेच. वर्धा, सेवाग्राम, हिंगणघाट किंवा आर्वीच्या कॉलेजांत अशी लॅब चालवायची, तर ‘व्हर्च्युअल मशीन’ हा कमी खर्चाचा मार्ग आहे. घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्यासाठी लॅबमधला प्रत्येक तास मोलाचा असतो.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?
संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला दुसरा संगणक. मूळ विंडोज सुरू असतानाच एका खिडकीत लिनक्स चालते. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकातच मोठ्या संगणकांवर ती वापरली. आज व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

ड्युअल बूट का नको?
ड्युअल बूटमध्ये एका वेळी एकच सिस्टीम चालते. बदलायची तर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. सरावात एखाद्याने चुकून पार्टिशन पुसले, तर पुढच्या बॅचचा संगणकही गेला. व्हर्च्युअल मशीनमध्ये चूक सहसा आतच राहते. आधी ‘स्नॅपशॉट’ घेतला असेल, तर काही मिनिटांत सर्व पूर्ववत होते. मात्र त्यानंतर केलेले कामही पुसले जाते. म्हणून फाइल पेन ड्राइव्हवर ठेवावी.

लॅबला काय लागते?
८ जीबी रॅम असेल तर २ जीबी देऊन साधे लिनक्स चालवता येते. ४ जीबीच्या संगणकावर दोन्ही सिस्टीम रडतखडत चालतात. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय सुरू असावा. एकदा तयार केलेली मशीन फाइल सर्व संगणकांवर कॉपी करता येते.

जुन्या संगणकांचे काय?
विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी टीपीएम २.० लागते, अनेक जुन्या संगणकांत ते नाही. अशा ठिकाणी मूळ सिस्टीम लिनक्स ठेवून, गरजेपुरते विंडोज इंटरनेटविना आत चालवता येते. पुरेशी रॅम मात्र हवीच.

लक्षात ठेवा
आत चालणाऱ्या विंडोजलाही वेगळा परवाना लागतो. मूळ सिस्टीममध्ये व्हायरस शिरला, तर आतली मशीनही सुरक्षित राहत नाही.