परदेशातून चाकांवरचे घर आणण्यापूर्वी

वसई-विरार पट्ट्यातून परदेशी नोकरीला जाणारी मुले-मुली आता आपल्याही वस्त्यांतून निघू लागली आहेत. गिरणीत, गोदीत, रेल्वेत घाम गाळलेल्या बापांची ही लेकरे दुबई, दोहा, लंडन, डब्लिन येथे नर्स, फिटर, संगणक अभियंता म्हणून काम करतात, ही अभिमानाची गोष्ट होय. पूर्वी आखातातून येणारा मनुष्य टेपरेकॉर्डर, ब्लँकेट आणि अत्तर आणीत असे. आता मागण्या मोठ्या झाल्या आहेत. संध्याकाळी कचेरीतून सुटल्यावर आम्ही वस्तीतील लोकांचे अर्ज, दाखले, पेन्शनचे कागद पाहतो. तेथे अलीकडे एक नवाच प्रश्न आला : "तिकडे जुनी कॅराव्हॅन स्वस्तात मिळते. ती विकत घेऊन घरी आणता येईल का?"

प्रश्न विचारणाऱ्या कुटुंबाची पुंजी त्यात अडकणार होती. म्हणून आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. आज ज्या घरी असा विचार चालू असेल त्या घरासाठी त्याचा हिशेब येथे मांडीत आहोत.

कॅराव्हॅन म्हणजे काय?

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. आत निजायला फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि संडास. मोटारीच्या मागे जोडून ओढतात तो कॅराव्हॅन ट्रेलर. स्वतःचे इंजिन असते ती मोटर-कॅराव्हॅन. हौशी प्रवासासाठी अशी गाडी पहिल्यांदा इंग्लंडात १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरने बांधून घेतली. ती घोडे ओढीत. आपल्याकडे चाकांवरचे बिऱ्हाड नवीन नाही. ऊसतोड मजुरांची बैलगाडी दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी व पोरेबाळे घेऊन कारखान्याकडे निघते, तेही चाकांवरचेच बिऱ्हाड. फरक इतकाच की तेथे ते पोटासाठी असते, येथे हौसेसाठी.

पण आपल्या माणसांची ही निव्वळ हौस नव्हे. नागपूरला दीक्षाभूमीवर, महाडला किंवा दूर बुद्धगयेला जाताना आपल्या आयाबहिणींचे सर्वांत जास्त हाल कशाने होतात? संडासाने. हमरस्त्यावर स्वच्छ संडास सापडत नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. गुडघे गेलेल्या म्हातारीला बसच्या खुर्चीवर रात्र काढणे म्हणजे शिक्षाच. शिवाय आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात आणखी एक जुनी बोच आहे. खोली देण्यापूर्वी आडनाव विचारणारा मनुष्य त्यांनी पाहिलेला आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा स्वतःची चूल, स्वतःचे पाणी, स्वतःचा बिछाना बरोबर असावा, असे एखाद्या निवृत्त माणसाला वाटले तर त्यात नवल नाही.

एका घरची गोष्ट

नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडे राहणारे एक गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाले. मुलगी इंग्लंडात नर्स आहे. तिने तेथे एक वापरलेली कॅराव्हॅन पाहून ठेवली होती. वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून निम्मी रक्कम, तिच्या बचतीतून निम्मी, असा बेत ठरला. विकणारा बयाणा मागत होता आणि आठ दिवसांची मुदत होती. बाप उत्साहात, मुलगी उत्साहात. आई मात्र एवढेच म्हणाली, "अहो, आपल्या चाळीत सायकल लावायला जागा नाही. ही गाडी उभी कुठे करणार?"

आम्ही त्यांना म्हटले, "दादा, आठ दिवस आहेत ना? मग आठ दिवस हिशेब करू. बयाणा नवव्या दिवशीही देता येईल."

पहिला हिशेब : शुल्काचा

परदेशातून येणारा प्रवासी आपले सामान आणतो त्याला सवलती असतात, हे सर्वांना माहीत असते. पण १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात 'बॅगेज' या शब्दाच्या व्याख्येतून मोटार वाहने स्पष्टपणे वगळली आहेत, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलरही धरला आहे. तेव्हा "घरगुती सामान म्हणून सुटेल" या भरवशावर राहू नये.

सीमाशुल्काच्या यादीत राहण्याच्या किंवा तळ ठोकण्याच्या ट्रेलरसाठी वेगळा सांकेतांक आहे : ८७१६ १० ००. इंजिन असलेली मोटर-कॅराव्हॅन मात्र मोटारींच्या, म्हणजे ८७०३ च्या शीर्षकात जाते आणि तेथे शुल्क फार जड आहे. दिसायला दोन्ही सारख्या, पण शुल्कात जमीन-अस्मानाचा फरक.

आता आकारणी कशी होते ते पाहा. दर बदलत राहतात, म्हणून केवळ रीत समजावी यासाठी मूळ शुल्क १० टक्के आणि आय.जी.एस.टी. १८ टक्के असे धरू. गाडी तिकडे १०० रुपयांना घेतली. जहाजभाडे व विमा मिळून ३० रुपये झाले. शुल्क १०० वर लागत नाही, १३० वर लागते. म्हणजे १३ रुपये. त्या तेरावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १ रुपया ३० पैसे. बेरीज १४४ रुपये ३० पैसे. आता या सगळ्या बेरजेवर आय.जी.एस.टी., म्हणजे सुमारे २६ रुपये. एकूण १७० रुपये. बंदराचे भाडे, कस्टम्स ब्रोकरची फी, बंदरापासून वसईपर्यंतची वाहतूक, नोंदणी आणि रस्ता कर अजून यात आलेले नाहीत. शंभराचे एकशे सत्तर होतात ते गाडी बंदराच्या फाटकाबाहेर पडण्याआधीच.

शिवाय दर कोणता लागेल? बयाणा दिला त्या दिवसाचा नव्हे. आपण बिल ऑफ एन्ट्री दाखल केल्याचा दिवस आणि जहाजाच्या आगमनाची सरकारी नोंद झाल्याचा दिवस, यांतला जो नंतरचा, त्या दिवसाचा दर लागतो. मध्ये अर्थसंकल्प आला तर हिशेब नव्याने मांडावा लागतो.

दुसरा हिशेब : जहाजाचा

कंटेनर आतून सुमारे २ मीटर ३५ सेंटिमीटर रुंद असतो. साध्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २ मीटर २८ सेंटिमीटर, उंच कंटेनरची २ मीटर ५८. इंग्लंडातील पुष्कळशा कॅराव्हॅन २ मीटर ६० च्या आसपास उंच असतात. म्हणजे दोन बोटांसाठी गाडी कंटेनरमध्ये जात नाही. मग ती चाकांवर ढकलत जहाजात चढवावी लागते, त्या जहाजाला रो-रो म्हणतात. त्याचे भाडे निराळे, आणि बंदरही ते सांगतील ते.

समुद्राचा विमा हा चैनीचा खर्च समजू नये. १९१७ सालीच बाबासाहेबांचे सामान ज्या जहाजातून येत होते ते टॉर्पेडोने बुडाले आणि ग्रंथांचा मोठा साठा समुद्रात गेला. थॉमस कुक कंपनीकडून सामानाची भरपाई मिळाली, म्हणून बडोद्याच्या प्रवासाला पैसे झाले. आज युद्ध नसले तरी लाटा, आग आणि चोरी आहेतच.

माल बंदरात उतरल्यावर कागद अडला तर रोजचे भाडे चढते. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर नोटीस देऊन तो विकण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. ग्रॅच्युइटीच्या पैशाने घेतलेली गाडी लिलावात जाणे कोणाच्याही घरी येऊ नये.

तिसरा हिशेब : रस्त्याचा

वापरलेली वाहने आयात करण्यास आपल्या सरकारच्या अटी कडक आहेत. वाहन तीन वर्षांपेक्षा जुने नसावे, ते मुंबईच्या बंदरातूनच यावे, अशा त्या अटी. तिकडे स्वस्त मिळते ते बहुधा दहा-पंधरा वर्षांचे. म्हणून गाडीच्या निर्मितीचा महिना व वर्ष कागदावर पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

सरकारच्या २००४ सालच्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हे बिगर-वाहतूक वाहन म्हणून नमूद आहे. म्हणजे आपल्या कुटुंबासाठी ठेवता येते. पण ती भाड्याने देऊन पैसे काढू म्हटले की नियम बदलतात, परवाना लागतो. वसईच्या आर.टी.ओ.कडे एम.एच.-४८ चा क्रमांक घ्यावा लागतो आणि तो घेताना गाडी तपासणीला उभी करावी लागते.

बांधणीतलेही काही बारकावे आहेत. इंग्लंडात आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालतात, म्हणून तेथील कॅराव्हॅनचे दार डावीकडे, पदपथाच्या बाजूला उघडते. जर्मनी-फ्रान्सची घेतली तर दार उजवीकडे, म्हणजे आपल्या रस्त्यावर येणाऱ्या ट्रकच्या तोंडावर उघडेल. विजेचा दाब इंग्लंड-युरोपात आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, अमेरिकेत १२० व्होल्ट. अमेरिकन गाडी आणली तर पंखा-फ्रीज सगळेच बदलावे लागेल.

७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात आणि ते दरवर्षी तपासावे लागतात. ओढणाऱ्या मोटारीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्यास परवानगी व वजन लिहिलेले नसेल तर ती मोटार त्या कामाची नव्हे. आठ लाखांच्या छोट्या मोटारीला दीड टनाचे घर जोडून घोडबंदरचा चढ चढणे म्हणजे घरच्या माणसांच्या जिवाशी खेळ होय. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही निजवू नये, म्हातारीला तर नाहीच.

"पण अमक्याने तर आणली!"

असे सांगणारे भेटतात. २०२४ साली एक मराठी गृहस्थ लंडनहून मोटारीने निघून १६ देश ओलांडून ५९ दिवसांत ठाण्याला आले, ही बातमी सर्वांनी वाचली. परंतु असा प्रवास ही आयात नव्हे. त्यासाठी 'कार्ने' नावाचे कागदी पुस्तक असते. ही गाडी परत नेली जाईल, अशी हमी त्यात मोटार संघटना देते. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन हे काम करते. अशा गाडीला सहसा सहा महिने मुभा मिळते. ती ठेवून घेतली तर पूर्ण शुल्क अंगावर येते. पाहुणी म्हणून आलेली गाडी आणि सून म्हणून आलेली गाडी, दोघींचे कागद वेगळे.

मग करावे काय?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. मोटर-कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी ए.आय.एस.-१२४ हे देशी मानक आहे. त्या मानकाने बांधलेली गाडी चालकासह भाड्याने घेता येते. वर्षातून दोनदा प्रवास करणाऱ्या घराने तीनशे साठ दिवस उभी राहणारी गाडी का पोसावी? वालीव-गोखिवऱ्याकडे पत्र्याचे व फायबरचे काम करणारे हुशार कारागीर पुष्कळ आहेत. परंतु जुन्या टेम्पोत परस्पर पलंग-ओटा ठोकून घेऊ नका. नोंदणीच्या कागदात आहे त्याहून वाहनात बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंधन घातले आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला बोट त्याच्यावर ठेवते.

आणि एवढे करूनही ज्यांना बाहेरूनच आणायची असेल, त्यांनी बयाणा देण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात :

१. विकणाऱ्याकडून निर्मितीचे वर्ष, चासी क्रमांक, रिकामे वजन, लांबी, रुंदी आणि उंची.

२. परवानाधारक कस्टम्स ब्रोकरकडून सांकेतांक, आयातीच्या अटी व त्या दिवसाच्या दराने शुल्काचा आकडा. मोठी रक्कम गुंतत असेल तर मुंबईत सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरण आहे, तेथे अर्ज करण्याची वाट विचारावी.

३. जहाज कंपनीकडून बंदरापासून बंदरापर्यंतचे भाडे, विम्यासह.

४. आर.टी.ओ.कडून नोंदणीला लागणाऱ्या कागदांची यादी.

५. आपल्या सोसायटीकडून गाडी उभी करण्याच्या जागेचे पत्र.

पाचपैकी एकही कागद आला नाही तर पैसे आपल्या खात्यातच राहू द्यावेत. तोंडी "हो जाएगा" म्हणणाऱ्या दलालाच्या शब्दाला बंदरात किंमत नसते.

नालासोपाऱ्याच्या त्या कुटुंबाने याच पाच गोष्टी विचारल्या. गाडी बारा वर्षांची निघाली, उंचीने कंटेनरमध्ये बसत नव्हती, आणि सोसायटीचे पत्र तर मिळण्यासारखेच नव्हते. बेत सोडून दिला. मुलगी सुटीत आली तेव्हा घडीचा पलंग आणि प्रवासात वापरायचा छोटा संडास, डब्यासारखा, आपल्या सामानातून घेऊन आली. पुढच्या अशोक विजयादशमीला तीन घरांनी मिळून टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेतली. मागची बाक काढण्याचा बदल केला नाही. पडदा लावून कोपरा केला, एवढेच. वाटेत दोन मुक्कामांच्या खोल्या आधीच पैसे भरून पक्क्या केल्या होत्या. आईने त्या प्रवासात दिवसभर पोटभर पाणी प्यायले, हे तिने स्वतः आम्हाला सांगितले. ग्रॅच्युइटी पोस्टात आहे.

सोपारा हे एके काळी मोठे बंदर होते. दूरदेशीचा माल याच किनाऱ्यावर उतरत असे. परदेशाची वस्तू आणू नये असे आमचे म्हणणे नाही. मुलांनी दूर जावे, कमवावे, चांगले ते घरी आणावे. मात्र आणण्यापूर्वी कागद वाचावा, बेरीज करावी, आणि घरातील बाईचा प्रश्न सर्वांत आधी ऐकावा. त्या घरात सर्वांत नेमका प्रश्न तिनेच विचारला होता.