ॲलिसचें पुढें काय झालें?

गोष्ट संपते, राक्षस मरतो, राजकन्या सुखरूप घरीं येते. तरी मांडीवर बसलेलें मूल उठत नाहीं. "मग पुढें काय झालें?" हा त्याचा प्रश्न ठरलेला असतो, आणि "पुढें सारीं सुखानें नांदलीं" या ठरीव उत्तरानें त्याचें समाधान होत नाहीं, हेंही प्रत्येक घरांत ठाऊक असतें. बहुतेक कथांतील नायिकांच्या बाबतींत या प्रश्नाला खरें उत्तरच नसतें. सिंड्रेला राजवाड्यांत म्हातारी कशी झाली हें कोणी सांगूं शकत नाहीं. कारण ती या जगांत कधीं जन्मासच आली नव्हती. परंतु इंग्रजी बालवाङ्मयांत एक नायिका अशी आहे कीं, तिचें पुढें काय झालें हें सालवार सांगतां येतें. ती नायिका म्हणजे सशाच्या बिळांत उतरलेली ॲलिस होय.

पुस्तकांतील ॲलिस नदीकांठीं बहिणीजवळ बसली असतां तिला डोळा लागतो. मग खिशांतून घड्याळ काढणारा पांढरा ससा, कांहीं खातांच उंच व कांहीं पितांच ठेंगणी होणारी काया, आणि ज्याचें त्याचें डोकें उडविण्याचा हुकूम सोडणारी पत्त्यांची राणी, हें सारें तिला दिसतें. शेवटीं ती जागी होते व चहासाठीं घराकडे पळत सुटते. परंतु ग्रंथकारानें तेवढ्यावर लेखणी थांबविली नाहीं. मागें राहिलेली बहीण मनाशीं चित्र रंगविते कीं, ही मुलगी उद्यां मोठी बाई होईल, आपल्याभोंवतीं मुलें जमवील आणि त्यांना अशाच नवलाच्या गोष्टी सांगेल. हें चित्र प्रत्यक्ष संसारांत कितपत उतरलें, तें पाहण्यासारखें आहे.

खऱ्या मुलीचें नांव ॲलिस प्लेझन्स लिडेल. तिचा जन्म ४ मे १८५२ रोजीं झाला. तिचे वडील हेन्री लिडेल हे ग्रीक भाषेचे गाढे पंडित होते. स्कॉट या विद्वानाच्या साह्यानें त्यांनीं रचलेला ग्रीक-इंग्रजी कोश १८४३ सालीं निघाला व त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या अद्याप अभ्यासक वापरतात. १८५५ सालीं ते ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्च या विद्यालयाचे मुख्य, म्हणजे डीन, झाले. त्याच विद्यालयांत चार्ल्स डॉजसन नांवाचे एक तरुण गृहस्थ गणित शिकवीत. ते बोलतांना अडखळत. परंतु मुलांना गोष्टी सांगण्याची त्यांची हौस दांडगी होती. लुइस कॅरोल हें त्यांचेंच टोपणनांव.

४ जुलै १८६२ रोजीं डॉजसन व त्यांचे मित्र डकवर्थ यांनीं लिडेलांच्या तीन मुलींना नावेंतून फिरावयास नेलें. लोरिना १३ वर्षांची, ॲलिस १० वर्षांची व ईडिथ ८ वर्षांची. फॉली ब्रिजपासून गॉडस्टोपर्यंत, प्रवाहाविरुद्ध सुमारें तीन मैलांची ती सफर होती. मुलींनीं गोष्टीचा हट्ट धरला आणि वल्हीं मारतां मारतां डॉजसन यांनीं ॲलिसलाच नायिका करून तिला बिळांत उतरविलें. नावेंतील मंडळीही गोष्टींत शिरली. डकवर्थ यांचें झालें बदक, लोरिनाचा लोरी पोपट, ईडिथचें गरुडाचें पिलूं, आणि डोडो हा बोजड पक्षी म्हणजे खुद्द डॉजसन. पुस्तकांतील डायना मांजरसुद्धां लिडेलांच्या घरचीच.

अशा गोष्टी डॉजसन यांनीं पूर्वीं अनेक सांगितल्या होत्या आणि त्या सांगितल्या त्याच दिवशीं विरून गेल्या होत्या. या वेळीं निराळें घडलें तें एवढेंच कीं, ॲलिसनें गोष्ट लिहून देण्याचा आग्रह धरला. डॉजसन यांनीं ९० पानांचें हस्तलिखित स्वतःच्या अक्षरांत तयार केलें, त्यांत ३७ चित्रें स्वतः काढलीं आणि नोव्हेंबर १८६४ मध्यें तें तिला भेट म्हणून दिलें. मधल्या काळांत, १८६३ पासून, त्यांचें लिडेलांच्या घरीं जाणें-येणें जवळजवळ बंद पडलें होतें. म्हणजे ही भेट हातीं पडली तेव्हां नावेंतील ते दिवस संपलेच होते. १८६५ सालीं गोष्ट वाढवून छापली गेली. त्यांत टेनिएल या चित्रकारानें रेखाटलेली लांब, भुऱ्या केसांची मुलगी सर्व जगाच्या ओळखीची झाली. खऱ्या ॲलिसचे केस काळसर व आंखूड कापलेले होते. १८७१ सालीं दुसरा भाग निघाला. त्यांतील ॲलिस अवघी साडेसात वर्षांची आहे. खरी ॲलिस त्या वेळीं १९ वर्षांची होती.

या मुलीचें शिक्षण घरींच झालें. शिकविण्यास एक गव्हर्नेस होती. चित्रकलेचे धडे देण्यास प्रत्यक्ष जॉन रस्किन येत. परंतु ज्या विद्यापीठाच्या अंगणांत ती खेळली, त्याच्या वर्गांत बसण्याची तिला सोय नव्हती. ऑक्सफर्ड येथें स्त्रियांसाठीं पहिलीं दोन विद्यार्थिनीगृहें १८७९ सालीं निघालीं. त्या वेळीं ती २७ वर्षांची होती. पदवी तर तेथें स्त्रियांना १९२० पर्यंत मिळतच नसे. याचा अनुभव नाशिक येथें जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनाही आला. त्या १८८९ मध्यें ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्यें कायद्याच्या परीक्षेला बसल्या. मात्र पदवी हातीं आली ती १९२२ मध्यें. सशाच्या बिळांतील इवलेंसें दार ॲलिसला अखेर उघडतां आलें. वडिलांच्या विद्यालयाचें दार मात्र तिच्यासाठीं बंदच राहिलें.

१८७६ सालीं, लग्न ठरलेलें असतांना, ईडिथ वारली. पुढें १८८० सालीं ॲलिसचा विवाह रेजिनाल्ड हारग्रीव्ह्ज या सधन गृहस्थाशीं झाला. येथून पुढें तिला हारग्रीव्ह्जबाई म्हणणेंच युक्त. हॅम्पशायर परगण्यांत लिंडहर्स्टजवळ कफनेल्स नांवाचें त्यांचें मोठें घर होतें. बाईंनीं तेथें संसार मांडला. त्यांना तीन मुलगे झाले. १८८५ सालीं डॉजसन यांनीं मूळ हस्तलिखिताची हुबेहूब प्रत छापण्यासाठीं तें उसनें मागितलें. एके काळीं जिला नावेंत बसवून गोष्ट सांगितली, तिलाच त्यांनीं आतां "मिसेस हारग्रीव्ह्ज" या मायन्यानें पत्र लिहिलें. बाईंनीं हस्तलिखित धाडलें. नकल छापून झाली व पुस्तक घरीं परत आलें.

मुलें भोंवतीं जमविण्याचें बहिणीचें चित्र येथवर खरें ठरलें होतें. पुढचें तिला दिसलें नव्हतें. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. थोरला ॲलन १९१५ मध्यें फ्रान्समध्यें पडला; दुसरा लिओपोल्ड १९१६ मध्यें तेथेंच पडला. पत्त्यांच्या राणीनें उठल्याबसल्या सोडलेल्या हुकुमानें एकाचेंही डोकें उडालें नव्हतें. खऱ्या जगांतील हुकूम पोकळ नसतात. १९२६ सालीं पतीही निवर्तले. एवढें मोठें घर चालविणें वृद्ध विधवेस जड जाऊं लागलें. तेव्हां बाईंनीं दहाव्या वर्षीं मागितलेली व ६४ वर्षें जपलेली ती भेट बाहेर काढली. एप्रिल १९२८ मध्यें लंडन येथें लिलांवांत तें हस्तलिखित १५,४०० पौंडांस अमेरिकेंतील एका पुस्तकविक्रेत्यानें घेतलें. मुलीच्या हट्टानें म्हातारीच्या घराचा खर्च भागविला.

१९३२ हें डॉजसन यांच्या जन्मशताब्दीचें वर्ष. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठानें हारग्रीव्ह्जबाईंना बोलाविलें आणि सन्मान्य डॉक्टर ही पदवी अर्पण केली. त्या वेळीं त्यांना ८० वर्षें पुरीं होत होतीं. कोशकर्त्या पंडिताच्या या कन्येला स्वतःच्या गांवीं जें मिळालें नाहीं, तें समुद्रापार, बालपणीं एक गोष्ट मागितल्याबद्दल मिळालें. समारंभ झाले, सह्या मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या. परंतु ॲलिस म्हणून मिरविण्याचा आपणांस शीण आला आहे, असें त्यांनीं त्या काळांत आपल्या उरलेल्या मुलास कळविलें. आणि असें म्हणणें कृतघ्नपणाचें तर होत नाहीं ना, ही शंकाही बोलून दाखविली. त्यांतील दुःख ओळखतां येतें. लोक जिला पाहावयास येत ती सात वर्षांची होती. त्यांच्यापुढें बसलेल्या वृद्धेनें बहीण, पती आणि दोन मुलगे गमाविले होते, आणि त्यांच्याविषयीं विचारणारें त्या गर्दींत कोण असणार? १६ नोव्हेंबर १९३४ रोजीं बाई निवर्तल्या.

हस्तलिखिताचा प्रवास त्यांच्यामागून पुरा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील ग्रंथप्रेमी मंडळींनीं वर्गणी करून तें विकत घेतलें आणि इंग्लंडनें युद्धांत दाखविलेल्या धैर्याची कदर म्हणून १९४८ सालीं ब्रिटिश म्यूझियमला भेट दिलें. आज तें ब्रिटिश लायब्ररींत आहे.

पुस्तकांतील ॲलिसनें अद्भुत जग पाहिलें, हें खरें. पण तिला फारसें कांहीं करावें लागलें नाहीं. जाग आली कीं संकट संपत असे. खऱ्या ॲलिसला जाग येऊन सुटका नव्हती. तरी तिच्या हातून एक काम असें झालें कीं, जें गोष्टींतील नायिकेला साधलें नसतें. जी गोष्ट संध्याकाळपर्यंत विरून जावयाची, ती तिनें लिहून मागितली. तो हट्ट नसता तर ससा नसता, राणी नसती आणि स्वप्नांतील ॲलिसही नसती. तेव्हां दिवेलागणीनंतर एखादें मूल आजोबांच्या गोष्टीला "हें लिहून द्या" म्हणून अडून बसलें, तर त्याला झोपावयास पिटाळण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. कागद व दौत घरांत असतेच.