तान्ह्या बाळाला झोपवायचं कसं? उताणं, सपाट आणि मोकळं

मालवण : बाळंतीण घरी आली की बाळाच्या निजेवरून घरात दोन मतं होतातच. आजी म्हणते, "उताणा निजवू नको गो, दूध नरड्यात अडकतला." आशाताई येऊन सांगते, पाठीवरच निजवा. सुनेने ऐकायचं कोणाचं?

जगभरातले बालरोगतज्ज्ञ आज एकच सांगतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत, दिवसा असो वा रात्री, प्रत्येक वेळी त्याला उताणं म्हणजे पाठीवर झोपवायचं. पालथं नाही आणि कुशीवरही नाही. कुशीवरचं बाळ कधी कलंडून पालथं होतं, ते झोपेत आपल्याला कळत नाही.

भीती कशाची?

बाळ चांगलं असतं, दूध पिऊन झोपतं आणि सकाळी उठतच नाही, असे मृत्यू जगभर होतात. तपासणी करूनही कारण दरवेळी सापडत नाही. आपल्याकडे मग कोणी दृष्ट लागली म्हणतं, कोणी आईलाच दोष देतं. यात सगळ्यात जास्त जपायचा काळ पहिल्या ते चौथ्या महिन्याचा, आणि बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. पालथ्या बाळाचं नाक-तोंड अंथरुणात दबतं. आपणच सोडलेला श्वास ते परत आत घेतं, आणि मान उचलून सुटका करून घ्यायची ताकद त्याच्यात नसते.

पूर्वी अमेरिकेत डॉक्टरच बाळाला पालथं झोपवायला सांगत. १९९२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा सल्ला बदलला. १९९४ पासून 'पाठीवर झोपवा' अशी मोहीम देशभर चालली. पुढच्या दहा वर्षांत असे अचानक होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त निजवायची पद्धत बदलली.

मग दूध अडकत नाही का?

आजीची शंका अगदी रास्त आहे, पण आतली रचना वेगळी आहे. बाळ उताणं असताना श्वासाची नळी वर आणि अन्ननळी खाली असते. वर आलेलं दूध खालच्या बाजूला राहतं आणि बाळ ते गिळतं किंवा तोंडातून बाहेर टाकतं. पालथं असताना उलट होतं, दूध श्वासनळीच्या तोंडाशीच येतं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, मग निजवा.

अंथरूण कसं हवं?

- जागा सपाट आणि घट्ट हवी. चटईवर दोन पदरी गोधडी पुरे. मऊ कापसाची गादी, खोलगट झालेली खाट, सोफा नको.
- डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी देतात, ती नको. वर्षभर कुठलीच उशी नको. डोकं एकाच बाजूने चपटं होऊ नये म्हणून आज एका बाजूला तोंड, उद्या दुसऱ्या बाजूला, असं करा.
- बाजूला लोड, जाड चादर, खेळणी ठेवू नका. गळ्यातला काळा दोरा निजवताना काढा. उशाशी सुरी-कोयता ठेवायची रीत असेल तर ते फळीवर, बाळापासून लांब ठेवा.
- तोंडावर दुपटं टाकू नका. माशा-डासांसाठी मच्छरदाणी लावा.
- मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर एक कपडा कमी करा. कमी वजनाच्या बाळाला ऊब जास्त लागते, त्याच्यासाठी डॉक्टर सांगतील तसंच करा.

लाकडी पाळणा चालतो, पण तळ सपाट हवा. साडीच्या झोळीत मात्र बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. झोळीत झोप लागलीच तर उचलून सपाट जागेवर ठेवा. रात्रभर झोळीत ठेवू नका.

बाळ कोणाजवळ?

बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर असणं उत्तम. एकाच अंथरुणावर घेत असाल तर दोन मोठ्या माणसांच्या मध्ये नको आणि आपल्या पांघरुणात नको. दारू प्यालेलं, बिडी-सिगारेट ओढणारं किंवा गुंगीचं औषध घेतलेलं माणूस त्या अंथरुणावर नको. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर वेगळंच निजवा.

आपल्या पावसात

पावसात दुपटी वाळत नाहीत म्हणून शेगडी आत येते. बाळंतिणीच्या शेकाला निखारे, धुरी असतेच. दारं-खिडक्या बंद करून निखारे ठेवले तर खोलीत विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो आणि मोठी माणसंही त्यात दगावतात. झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा. जमिनीवर निजत असाल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. मण्यार रात्रीच फिरते.

आजीचं काम

बाळ जागं असताना रोज दोन-तीन वेळा, तीन-चार मिनिटं पालथं ठेवा. मान-खांदे घट्ट होतात. मालिशनंतर हे काम आजीइतकं चांगलं कोण करणार? मात्र नजर हटवायची नाही. पुढे बाळ आपणहून उलटायला लागलं की निजवताना उताणंच निजवा. नंतर ते स्वतः दोन्हीकडे वळू लागलं तर झोपेत परत फिरवत बसायची गरज नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिला बाळाचं अंथरूण दाखवा, शंका विचारा. बाळ दूध ओढत नसेल, अंग सैल पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, छाती आत ओढली जात असेल किंवा मिनिटाला ६० हून जास्त श्वास चालत असेल, तर सकाळची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.