ताबा, लिलाव आणि उरलेले पैसे

बँकेतून निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली. नोकरीची शेवटची सात वर्षे मी वसुली विभागात होतो. कागदावर माझे पद 'अधिकृत अधिकारी' असे होते. गल्लीतल्या लोकांच्या भाषेत मी घराला सील ठोकणारा साहेब. लग्नात किंवा मय्यतीत कुणी विचारले तर "बँकेत आहे" एवढेच मी सांगत असे. व्याजाच्या नोकरीबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते मी पुष्कळ ऐकले आहे, आज त्यात शिरत नाही. कर्ज थकल्यावर घराचे पुढे काय होते, कुणाचा कोणता हक्क कुठपर्यंत राहतो, हे आपल्या घरांत फार थोड्यांना ठाऊक असते. त्यातून नुकसान होते. एक नुकसान माझ्याच हातून झाले, म्हणून हे लिहायला बसलो.

इचलकरंजीतले घर होते. खाली चार यंत्रमाग, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मालकाने घर तारण ठेवून कर्ज काढले होते. सुताचे दर चढले, कापडाला उठाव राहिला नाही, दोन माग भंगारात गेले आणि हप्ते चुकू लागले. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की बँकेच्या वहीत ते खाते 'एनपीए' होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मालकाचा इंतकाल झाला. मागे पत्नी, पुण्याला गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा आणि कॉलेजात जाणारी मुलगी.

माझ्याकडे फाईल आली तेव्हा मागणीची नोटीस निघालेली होती, आणि ती त्या मयत माणसाच्या नावाने होती! मी ती रद्द करून वारसांच्या नावाने नव्याने काढायला लावली. शाखेतले लोक माझ्यावर चिडले. पण मेलेल्या माणसाला दिलेली नोटीस पुढे टिकत नाही. आपल्याकडे तर्का वाटण्याआधी मयताचे कर्ज फेडावे लागते, हे सगळे जाणतात. ते फेडणार कोण आणि कशातून, हे विचारायला मात्र कुणी वारसांना एकत्र बसवत नाही.

ही सगळी कारवाई २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होते. त्यात बँकेला घर विकण्यासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही. मोठ्या बँकाच हे करतात असा समज आहे. पण सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला, आणि ते प्रकरण आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेचे होते. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागू नाही.

नोटीस आली की ६० दिवस मिळतात. हेच दिवस खरे मोलाचे असतात, आणि बहुतेक घरांत ते नोटीस कपाटात ठेवून काढले जातात. कुणी पोस्टमनला परत पाठवतो. रजिस्टर घेतले नाही म्हणून नोटीस झाली नाही, असे होत नाही. ती दारावर चिकटवली जाते, वर्तमानपत्रात येते. त्यापेक्षा लेखी उत्तर द्यावे. आकडा चुकला असेल, भरलेली रक्कम जमा दिसत नसेल, तर तसे लिहावे. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते.

दुसरी गोष्ट, घर जाणारच असे दिसले तर ते स्वतः विकावे. बँकेची लेखी संमती घ्यावी, गिऱ्हाइकाचे पैसे थेट कर्जखात्यात जावेत, उरलेले आपल्या हातात. या घराला तेव्हा २८ लाखांचे गिऱ्हाईक होते. भाभी तयार होत्या. पण दीर म्हणाले, "कोर्टात बघून घेऊ. बँक काय करते ते बघू." ते कोर्टात गेलेच नाहीत. पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांच्या आत अर्ज करता आला असता, तोही केला नाही. पूर्वी विक्री होईपर्यंत थकबाकी भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच उरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते पक्के केले. लिलावाच्या आदल्या दिवशी सोने गहाण टाकून पैसे घेऊन धावत आलेली माणसे मी पाहिली आहेत. तेव्हा बँकेचा अधिकारी मनात असूनही काही करू शकत नाही.

६० दिवस संपले. मी आधी सांकेतिक ताबा घेतला, म्हणजे दारावर ताब्याची नोटीस लावली आणि सात दिवसांच्या आत ती दोन वर्तमानपत्रांत दिली, त्यातले एक मराठी. नोटीस चिकटवत होतो तेव्हा शेजारच्या खिडक्या उघडल्या. भाभींनी आतून पाण्याचा तांब्या पाठवला. मी पाणी प्यायलो की नाही, ते आज आठवत नाही.

प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो ३० दिवसांत, कारण असेल तर ६० दिवसांपर्यंत मिळतो; मग तहसील कार्यालयाची माणसे आणि पोलीस बरोबर येतात. आमचा आदेश २०१८ च्या जानेवारीअखेर आला. मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि बँकेला मार्चएंडचे वेध लागले होते. शाखाधिकारी म्हणाले, "उद्याच जाऊ." मी फाईल घरी नेली नाही, पण बंदोबस्ताची तारीख मागायचे पत्र टेबलावर पडू दिले. कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. वसुली विभागात माझ्या हातात सवड म्हणून तेवढीच होती, सहा-सात आठवड्यांची. शेवटचा पेपर झाल्यावर २७ मार्चला आम्ही गेलो.

त्याआधी मी दोनदा फाईल न घेता त्या घरी जाऊन आलो होतो. कुठे राहायला जाणार, सामान किती, घरात कुणी आजारी आहे का, हे विचारायला. माझ्या अनुभवात जिथे अधिकारी आधी जाऊन बोलतो तिथे त्या दिवशी आरडाओरड होत नाही. टेंपो बँकेने आणला. हे उपकार नव्हेत, हा सगळा खर्च शेवटी कर्जदाराच्याच खात्यावर पडतो, हे लक्षात ठेवा.

तारण असते ते घर. भांडी, कपाट, शिलाई मशीन, अंथरूण हे तारण नसते, ते घरच्यांचेच. बँकेने त्याची यादी करायची, पंचनामा करायचा, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि प्रत द्यायची. उरलेले दोन माग नजरगहाण होते म्हणून तेवढे तिथेच राहिले. रेशनकार्ड, गॅसचे पुस्तक, शाळेचे दाखले, औषधे ही मी आधी बाजूला काढायला सांगतो. गडबडीत नेमकी तीच हरवतात. भाभींनी वजू केला, कपाटावरचा कुरआन शरीफ कापडात गुंडाळून स्वतःच्या हातात घेतला आणि खाली येऊन रिक्षात बसल्या. महिला कॉन्स्टेबलने शिलाई मशीन जिन्यावरून उतरवायला हात दिला. मी वीजमीटरचे रीडिंग लिहून घेतले, कुलपे लावली, सील केले. मुलगा पुण्याहून आला नव्हता. आला असता तर मारामारी झाली असती, असे त्याने मला नंतर सांगितले.

रिकामे घर कसे खचते ते बँकांना कळत नाही. नियम सांगतो की ताब्यातल्या मालमत्तेची काळजी शहाणा मालक घेईल तशी घ्यावी. प्रत्यक्षात त्या पावसाळ्यात गच्ची गळली, नळाच्या तोट्या चोरीला गेल्या, घरफाळा थकत गेला. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून किंमत काढून राखीव किंमत ठरते. कर्जदाराला विक्रीची ३० दिवसांची नोटीस जाते, जाहिरात येते, बोली ऑनलाइन लागते. आमच्या पहिल्या लिलावात एकही बोली आली नाही. दुसऱ्यासाठी १५ दिवसांची नोटीस पुरते. राखीव किंमत आम्ही खाली आणली.

बोली का आली नाही, ते गावात सगळ्यांना माहीत होते. "बेवाचं घर, कशाला कुणाची हाय घ्यायची?" भावना चांगली आहे, पण मला ती पटत नाही. घर पडून राहिले की कर्जावर व्याज चढत राहते, किंमत उतरत राहते. प्रत्येक फसलेल्या लिलावात पैसा जातो तो त्या बेवाचाच. तिची दया असणाऱ्याने योग्य किमतीची बोली लावावी. पाडून घ्यायला टपलेले मात्र दुसऱ्या लिलावाची वाट बघतात, हेही खरे.

दुसऱ्या लिलावात एका शिक्षक जोडप्याने घर घेतले, २४ लाख ६० हजारांना. ते आधी माझ्याकडे चौकशीला आले होते. बाईंनी विचारले, "सर, त्या घरात आमचं मन लागेल का?" याचे उत्तर कायद्यात नव्हते. मी त्यांना बाकीचे सांगितले, तेच इथे लिहितो.

लिलावातले घर 'आहे तिथे, आहे तसे' विकले जाते. मागचा घरफाळा, वीजबिल, फ्लॅट असेल तर सोसायटीची बाकी, हे सगळे बोलीआधी त्या त्या कार्यालयात जाऊन बघावे. वीजबिलाची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. जाहिरातीत 'सांकेतिक ताबा' लिहिले असेल तर आत माणसे राहत आहेत असे समजावे. स्वस्त दिसणारे घर बहुधा त्यामुळेच स्वस्त असते. आत भाडेकरू असेल तर त्याचा करार तारणाच्या आधीचा आणि नोंदणीकृत आहे का, ते पाहावे. तसा असेल तर बँक त्याला सहज काढू शकत नाही. मुंबईतल्या भाडेकरूंच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे. बोली मंजूर झाली की बयाण्यासह २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, आणि उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायचे. लेखी मुदतवाढ तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते. पैसे चुकले तर भरलेले जप्त होतात. म्हणून पैशाची सोय आधी आणि बोली नंतर. आणि आतल्या कुटुंबाला स्वतः जाऊन धमकावणे, माणसे पाठवणे, वीज तोडणे, हे करणाऱ्याला कायदा सोडत नाही. मोकळा ताबा मागायचा तो बँकेकडे.

जोडप्याने वेळेत पैसे भरले, विक्री प्रमाणपत्र घेतले, नोंदणी केली. माझ्या हिशेबी फाईल बंद झाली.

आता माझी चूक. मुद्दल, व्याज आणि खर्च मिळून कर्ज १७ लाख ९० हजारांच्या आसपास होते. म्हणजे ६ लाख ७० हजार उरले. सरफेसीच्या कलम १३(७) नुसार ही रक्कम ज्याचा हक्क आहे त्याला द्यायची असते. ती बँकेची नाही. शाखा पत्र पाठवील असे मी धरून चाललो. पत्र गेले ते सील केलेल्या घराच्या पत्त्यावर! ते परत आले आणि पैसे संड्री खात्यात पडून राहिले. मी पुढच्या फायलींना लागलो आणि मग निवृत्तही झालो.

२०२२ मध्ये जयसिंगपूरला एका निकाहात एक तरुण माझ्यासमोर उभा राहिला. त्याने सलाम केला. "चाचा, ओळखलंत? घर गेलं ते गेलं. अब्बांचं कर्ज तरी फिटलं ना? मनाला लागून राहतं."

मी म्हणालो, "फिटून उरले की. मिळाले ना तुम्हाला?"

त्याला काहीच माहीत नव्हते. त्या दिवशीची बिर्याणी माझ्या घशाखाली उतरली नाही.

मी त्यांच्याबरोबर शाखेत गेलो. तिथे माझ्या काळचे कुणी नव्हते. पैसे खात्यात होते, पण बँकेने वारस दाखला मागितला. दिवाणी न्यायालय, जाहिरात, तारखा यांत सात महिने गेले. मयताचे आईवडील आधीच वारलेले, त्यामुळे वाटणी सरळ होती: पत्नीला आठवा हिस्सा, बाकीचे मुलाला दोन आणि मुलीला एक. मुलगी तोपर्यंत सांगलीत नर्सिंग शिकत होती. मुलाने विचारले, तीन वर्षांहून जास्त काळ पैसे वापरले, त्याचे व्याज मागायचे का? भाभी म्हणाल्या, "व्याजातच घर गेलं बाबा. ते नको. हिशेब मात्र पूर्ण मागा."

ज्यांचे घर लिलावात गेले आहे त्यांनी हा हिशेब जरूर मागावा, कितीही वर्षे झाली असली तरी. विक्री कितीला झाली, कर्ज किती वळते झाले, खर्च कोणता लावला, उरले किती आणि ते कुठे आहेत, हे एका अर्जात विचारावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

भाभींना हिशेबाचे दोन कागद मिळाले. त्यांनी चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत तो वाचला. मूल्यांकन फी, दोन वर्तमानपत्रे दोन वेळा, टेंपो, पंचनामा, राखणदार. मग बोट थांबले.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही दोनच कुलपं लावली होती. इथं तीन लिहिलीत."